पितळ उघडं पडल्यावर

(फोंड्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, सुरुवातीचा थोडा वेळ पंखे बंद ठेवायला सांगितलेत, त्याबद्दल माफ करा. घाम येणार आहे. पण आज काम कानांचं आहे, आणि या सभागृहातले पंखे नेमके ट्रंपेटच्या मधल्या सुरांतच घरघरतात.

बाहेर फलकावर आयोजकांनी 'पितळी वाद्यांची झिलई आणि नादगुण' असं भारदस्त काहीतरी लिहिलंय. मला विचाराल तर प्रश्न साधा आहे. जुनी ट्रंपेट दुकानात देऊन तिच्यावरचं लॅकर उतरवलं, नवं चढवलं, तर आवाज बदलतो का? आमचे वाजवणारे सगळ्याला 'पॉलिश'च म्हणतात, म्हणून शब्दांची फोड आधी करतो. घासून काढतात ती चकाकी म्हणजे पॉलिश. चांदीचा किंवा सोन्याचा थर देतात तो मुलामा. आणि पितळ काळवंडू नये म्हणून वरून फवारतात तो पारदर्शक, वार्निशसारखा थर म्हणजे लॅकर. दुकानातल्या ट्रंपेटचा सोनेरी झगमगाट दिसतो ना, तो बहुतेक वेळा निव्वळ पितळ अधिक लॅकर. सोन्याचा त्यात कणही नसतो.

मी तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं ट्रंपेट वाजवतोय, बऱ्यापैकी वाईट. या प्रश्नाशी माझी गाठ कशी पडली ते आधी सांगतो, कारण त्या गोष्टीत आमच्या घरच्या चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, हात आहे.

मी तेव्हा आठवीत होतो. वडिलांनी मुंबईहून परतलेल्या एका बँडवाल्याकडून जुनी ट्रंपेट विकत घेतली होती. शेजारच्या गावात इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, गायकवृंदाचे मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, राहायचे, त्यांच्याकडे मी शिकायला जायचो. हे गोव्यातच घडू जाणे. इगर्जीच्या शाळांनी पोर्तुगीज काळापासून पोरांना सोल्फा, म्हणजे डो-रे-मीची सरगम, शिकवला, सूर वाचायला शिकवले, आणि त्यातून आल्दोन्याचा चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ट्रंपेट वाजवत उभा राहिला, कुडचड्याचा फ्रँक फर्नांड सिनेमाच्या वाद्यवृंदात गेला, मडगावच्या ख्रिस पेरीनं कोंकणी गाण्यांना ट्रंपेट-सॅक्सोफोनचं अंग दिलं. आम्ही भटाबामणांची पोरं त्या परंपरेच्या कुंपणापाशी उभी राहून ऐकायचो. मेस्तांनी मला कुंपण ओलांडू दिलं, एवढंच.

तर चवथ चार दिवसांवर आलेली. आईनं घरातलं सगळं पितळ मागच्या पडवीत काढलं. समया, तांबे, घंगाळ, ताम्हण, पंचपात्रं. आणि त्या ढिगात माझी ट्रंपेट. तिच्या दृष्टीनं पितळ ते पितळ. तिनं न्हाणीघरातल्या चुलीवरच्या हंड्यातलं कढत पाणी ट्रंपेटवर ओतलं, कर्ण्याकडून, म्हणजे पुढच्या रुंद तोंडाकडून, आतही ओतलं, मग बिंबलं, ती आंबट फळं, चुरडून लावली आणि नारळाच्या सोडणानं खसाखसा घासली. मी शाळेतून आलो तेव्हा पायरीवर समई, तांब्या, ट्रंपेट, घंगाळ अशा ओळीनं उन्हात वाळत होतं. जुनं पिवळट लॅकर पापुद्रे निघून गेलेलं. पितळ अक्षरशः उघडं पडलेलं! मी रडलो. आई म्हणाली, "एवढी काळी पडली होती, लाज नाही वाटत इगर्जीत न्यायला?"

दुसऱ्या दिवशी भीत भीत मेस्तांकडे गेलो. त्यांनी ट्रंपेट हातात घेतली, उलटीसुलटी केली, काही बोलले नाहीत. स्वतः ओठाला लावली, एक लांब सूर धरला, मग वर चढले. आणि म्हणाले, "आतां आवाज उक्तो जालो, पुता." आवाज मोकळा झाला. मीही वाजवून पाहिली. खरंच मोकळा झाला होता. वरचे सूर, ज्यांच्यासाठी गाल फुटायची वेळ यायची, ते अलगद निघत होते.

त्या दिवसापासून पुढची पंधरा-वीस वर्षं मी ज्याला त्याला सांगत सुटलो: लॅकर काढा, पितळाला श्वास घेऊ द्या. पितळ श्वास घेतं असं पदार्थविज्ञानाचा मास्तर सांगत होता, हे लक्षात घ्या. आईनं त्या दिवशी नेमकं काय काय केलं होतं, हे मला फार उशिरा सुचलं. ते पुढे सांगतो.

त्याआधी हा पडदा. पडद्यामागे आमच्या शेजारचा मुलगा ट्रंपेट घेऊन उभा आहे. तो तीन वेळा एकच ओळ वाजवेल. पहिली ट्रंपेट लॅकरची, दुसरी नुसत्या पितळाची, तिसरी चांदीच्या मुलाम्याची. तुम्हाला कुठली गोड वाटते ते पाहू.

(इथे वादन झालं.)

बरं. पहिलीसाठी हात? दुसरीसाठी? हं, दुसरीला बरेच हात आहेत. तिसरी? समोरचे काका म्हणतायत तिसरी 'थंड' वाटली, चांदीसारखी. मागून कुणीतरी म्हणालं, दुसरीत 'मातीचा वास' आहे. छान. मंडळी, तिन्ही वेळा एकच ट्रंपेट वाजली. आईनं घासलेली. रागावू नका. हा प्रयोग मी स्वतःवर करवून घेतला तेव्हा मीही असाच फसलो होतो, आणि मी तर मोठ्या आत्मविश्वासानं फसलो होतो. पोरानं तीनदा वाजवलं म्हणजे तीनदा थोडं थोडं वेगळं वाजलंच. माणसाचा श्वास एकसारखा पडत नाही. तो फरक तुम्ही खरंच ऐकलात. त्याचं नाव मात्र मी आधीच तुमच्या कानात भरून ठेवलं होतं.

आता थोडं विज्ञान. मूल्यमापन नाही, वही काढू नका.

ट्रंपेटमध्ये वाजतं काय? पितळ नव्हे. वाजते आतली हवा. वाजवणाऱ्याचे ओठ माउथपीसमध्ये, म्हणजे तोंडाला लावायच्या वाटीत, थरथरतात, ती थरथर नळीतल्या हवेत जाते, आणि साधारण 1.4 मीटर लांबीच्या त्या नळीत हवेच्या स्थिर लहरी उभ्या राहतात. कुठल्या लहरी उभ्या राहायच्या हे नळीची लांबी, आतली रुंदी आणि पुढचा कर्णा कसा उमलत जातो, यावर ठरतं. पितळाचं काम भिंतीचं: हवेला आकार द्यायचा आणि गळू द्यायचं नाही. पितळ हवेपेक्षा सुमारे सात हजार पट घन आहे. एवढ्या जड भिंतीला हवेनं हलवणं म्हणजे वाऱ्यानं मंगेशीची दीपमाळ हलवण्यासारखं. अगदीच हलत नाही असं मात्र म्हणू नका. कर्ण्याला बोट लावून जोरात वाजवा, बोटाला गुदगुल्या होतात. भिंत हलते, पण जरा.

आता लॅकर. आजकालच्या लॅकरचा थर साधारण 0.02 ते 0.03 मिलिमीटरचा. कर्ण्याचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एकदा बसून हिशोब मांडला. ट्रंपेटचं बाहेरचं सगळं क्षेत्रफळ धरलं, त्यावर हा थर पसरला, तर लॅकरचं वजन तीनेक ग्रॅम भरतं. एक रुपयाचं नाणं जवळजवळ तेवढंच. ट्रंपेट किलोभराची. अर्धा तास वाजवल्यावर आत श्वासाचं जे पाणी साचतं आणि आम्ही चावी दाबून फरशीवर सोडतो, ते कधीकधी याहून जास्त असतं. पाणी सोडल्यावर ट्रंपेटचा 'नादगुण बदलला' असं कुणी म्हणत नाही. फक्त गुळगुळ थांबते.

आणि मुख्य मुद्दा आपल्या घरातलाच आहे. कल्हई आणि लॅकर यांत फरक काय? कल्हई भांड्याच्या आतून करतात. ताक कळकू नये म्हणून. आत काय आहे आणि त्याला काय शिवतंय याचा तिथे थेट संबंध आहे, म्हणून कल्हई उडालेल्या पातेल्यातली कढी तोंडात कळते. लॅकर असतं बाहेरून. कर्ण्याच्या आतल्या, हात पोचेल तेवढ्या भागावर फवारतात, बाकी नळी आतून नागडी पितळेचीच. हवेला लॅकर दिसतच नाही म्हणा ना.

मग प्रश्न संपला? नाही. कारण जाणती माणसं उलट बोलली आहेत. शिकागोत रेनॉल्ड शिल्की म्हणून मोठा ट्रंपेटवादक आणि ट्रंपेट बनवणारा होऊन गेला. त्यानं शक्य तेवढ्या सारख्या वाजणाऱ्या तीन ट्रंपेट घेतल्या, एक नुसती, एक चांदीची, एक लॅकरची. त्याचा अनुभव असा की नुसती आणि चांदीची सारख्या वाजतात, लॅकरची वेगळी पडते. असा माणूस बोलला की मास्तरानं गप्प बसून आकडे पाहावेत. शिल्कीनं लॅकरची जाडी दिली आहे, एका बाजूला इंचाचे सात सहस्रांश. म्हणजे जवळपास 0.18 मिलिमीटर. मी मघाशी सांगितलेल्या थराच्या सहा ते नऊ पट! कर्ण्याला दोन्ही बाजू धरल्या तर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर त्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त जाडी पितळापेक्षा मऊ पदार्थाची. घंटेला गोधडी गुंडाळावी तसं. अशा थरानं कर्ण्याची थरथर दबली तर मला नवल वाटणार नाही. तेव्हा शिल्कीचं म्हणणं मी खोडून काढत नाही. जाड लॅकरबद्दल तो बोलत होता, एवढंच म्हणतो. तुमच्या वाद्यावर मधासारखे ओघळ गोठलेले दिसत असतील तर शिल्कीचं ऐका.

कर्ण्याच्या थरथरीला ऐकण्यात स्थान आहे हे नंतर मोजूनही दाखवलं गेलंय. अमेरिकेत फ्लोरिडातल्या रोलिन्स कॉलेजात थॉमस मूर यांच्या गटानं 2005 साली याचा लेख प्रसिद्ध केला. त्यांनी माणसाचे ओठ काढूनच टाकले आणि कृत्रिम ओठांनी ट्रंपेट वाजवली. कारण माणूस लबाड असतो, आवाज बदलला की नकळत ओठांनी सावरून घेतो. मग कर्ण्याभोवती वाळूच्या पिशव्या रचून थरथर दाबली. मूळ सूर आणि वरचे उपस्वर यांचं प्रमाण बदललं, यंत्रावर दिसलं. म्हणजे भिंत अगदीच मुकी नाही. पण वाळूच्या पिशव्या आणि तीन ग्रॅम लॅकर यांत किती अंतर आहे ते तुमचं तुम्ही मोजा.

दुसऱ्या बाजूचा प्रयोग मला फार आवडतो. जॉन कोल्टमन या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकानं 1971 साली तीन बासऱ्या केल्या, आतून अगदी सारख्या. एक चांदीची, एक तांब्याची, एक लाकडाची. ऐकणाऱ्यांना ओळखता आल्या नाहीत. तिथवर ठीक. पण त्यानं वाजवणाऱ्यांनाही सोडलं नाही. हाताला धातू लागतो, वजन कळतं, म्हणून बासऱ्या अशा बसवल्या की वाजवणाऱ्याला फक्त फुंकता यावं. फुंकणाऱ्यालाही कळेना. चांदीची बासरी 'रुपेरी' वाजते असं शपथेवर सांगणारे किती असतील! माझ्यासारखेच.

आणि ज्यांना प्रयोगशाळेपेक्षा मैफल पटते त्यांच्यासाठी: मे 1953 मध्ये कॅनडात टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये थोर जॅझवादक चार्ली पार्कर जो सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला तो प्लास्टिकचा होता. ग्राफ्टन कंपनीचा, ॲक्रिलिकचा, दुधी रंगाचा. धातू चाव्या वगैरेंपुरता. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आजही जॅझवाले कानाला लावून बसतात, आणि पार्कर पार्करसारखाच वाजतो. त्याच रंगमंचावर ट्रंपेट होती डिझी गिलेस्पीची. त्याचीही गंमत आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत एका समारंभात कुणीतरी त्याच्या ट्रंपेटवर पडलं आणि कर्णा वाकून वर झाला. त्यानं वाजवून पाहिली, आवाज आवडला, आणि पुढे मुद्दाम तशाच वाकड्या ट्रंपेट करवून घेतल्या. कारण त्याला आपला आवाज लवकर ऐकू यायला लागला. कर्णा पुढे, कान मागे. ट्रंपेटवाला स्वतःचा आवाज सगळ्यात वाईट जागी बसून ऐकतो. तो 'आवाज' म्हणतो त्यात हाताला लागणारी थरथर, दातांतून जबड्यात जाणारा कंप, खोलीची भिंत, सगळं मिसळलेलं असतं. म्हणून लॅकर काढल्यावर 'वेगळं वाटतं' म्हणणारा वादक खोटं बोलत नाही. त्याच्या हातात खरंच थोडं वेगळं काहीतरी आलेलं असतं. तिसऱ्या रांगेत ते पोचत नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग मास्तर, बिनधास्त नवं लॅकर करून घ्यावं? थांबा. आता माझ्या दुसऱ्या ट्रंपेटची कथा.

नोकरी लागल्यावर मी एक चांगली, वापरलेली ट्रंपेट घेतली. लॅकर जागोजागी उडालेलं, दोन पोचे. परराज्यातल्या एका मोठ्या शहरात दुरुस्तीचं नामांकित दुकान होतं, तिथे दिली. नाव सांगत नाही. महिन्यानं परत आली ती बघून डोळे दिपले. आरसा! भांग पाडावा तिच्यात. वाजवली, आणि मेली होती. खालचे सूर फुसके, वरचे सूर फाटके. मी अर्थातच म्हणालो, बघा, लॅकरनं गळा घोटला. आई आठवली, बिंबलं आठवली.

मेस्त तेव्हा म्हातारे झाले होते, डोळ्यांनी अधू. त्यांनी ट्रंपेट घेतली आणि वाजवली नाहीच. एक स्लाइड, म्हणजे सरकती नळी, बाहेर ओढली, तिसऱ्या पिस्टनची, म्हणजे बोटानं दाबायच्या तिसऱ्या खटक्याची. पिस्टन न दाबता. पिस्टन नीट बसलेले असतील तर त्यानंतर पिस्टन दाबला की आत 'पॉक्' असा आवाज यायला हवा, बाटलीचं बूच काढल्यासारखा. आला नाही. मग त्यांनी पाणी काढायच्या चावीचं बूच बोटानं घट्ट दाबून धरलं आणि मला म्हणाले, फुंक. निम्मा आवाज तिथेच परत आला! नव्या बुचाखाली पॉलिशच्या मेणाचा खडा अडकला होता. केसाएवढी फट. हवेला तेवढी पुरते.

उरलेला निम्मा शोधायला मला बरेच दिवस लागले, आणि त्या शोधात हे काम कसं करतात ते कळलं. लॅकर चढवणं हा या कामातला सगळ्यात निरुपद्रवी भाग आहे. त्याच्या आधी काय काय होतं पाहा. जुनं लॅकर रसायनानं उतरवतात. पोचे काढायला आतून गोळा घालून पत्रा दाबतात, ठोकतात. कधी आच देतात. मग बफिंग. फिरत्या कापडी चाकाला लालसर मेण लावून वाद्य त्यावर धरतात. हा बफ चकाकी 'आणत' नाही, मंडळी. तो पितळ खातो. ओरखडा घालवायचा म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंतचं आजूबाजूचं सगळं पितळ काढायचं. शिकाऊ पोरगा असेल, मालक 'चमक पायजे' म्हणून ओरडत असेल, तर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यातून किती गेलं याचा हिशोब कोण ठेवतो? माझ्या ट्रंपेटच्या कर्ण्यावर कारखान्याची कोरीव नक्षी होती. परत आली तेव्हा ती पावसात भिजलेल्या पत्रावरच्या अक्षरांसारखी पुसट. नक्षी पुसट झाली म्हणजे तेवढं पितळ गेलं, याला वेगळं मोजमाप लागत नाही. मी आता कुठलंही जुनं वाद्य पाहिलं की आधी नक्षीच्या कडेवरून नख फिरवतो. नख अडकलं तर वाद्य अस्सल आहे. घसरलं तर ते चाकाखालून गेलंय.

भट्टीबद्दलही एक समज आहे, की लॅकर भाजताना पितळ मऊ पडतं. नाही पडत. पितळ मऊ पडायला चारशे अंशांच्या पुढे जावं लागतं, लॅकरची भट्टी तिथवर जातच नाही. पण डाख? शिसं-कथलाचा डाख 183 अंशांना पाणी होतो. भट्टीत तो वितळत नसला तरी आधी चाकावर दाबून, ओढून ढिला झालेला सांधा कधीकधी हात टेकतो. माझ्या ट्रंपेटचा एक आधार असाच निसटला होता, म्हणून वरचे सूर फाटत होते. जागच्या जागी झणझणत होता. आमच्या इथल्या एका समया-घागरी दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं डाख देऊन दिला. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. त्यानंतर ती ट्रंपेट, त्याच चकचकीत लॅकरसकट, पुन्हा ट्रंपेटसारखी वाजायला लागली. आजही वाजते.

सॅक्सोफोनचं तर विचारूच नका. पितळेचा असूनही तो जातीनं सनईच्या घरचा, वेताच्या पातीवर वाजणारा. अडॉल्फ सॅक्सनं 1846 मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या अंगावर वीसेक भोकं, प्रत्येकावर चामड्याच्या गादीचं झाकण. लॅकर करायचं म्हणजे सगळ्या चाव्या सोडवायच्या, गाद्या काढायच्या, परत बसवायच्या. बफ भोकाच्या काठावर एक घास जास्त बसला की काठ वरखाली होतो आणि नवी कोरी गादी बसूनही हवा सुटते. वर गाद्या नव्या, म्हणून आवाज तसाही बदललेला. मग वाजवणारा म्हणतो, लॅकरमुळे आवाज उजळला. किंवा लॅकरमुळे बसला. त्या एका वाक्यात दहा गोष्टी आणि लॅकर अकरावं. म्हणूनच सेल्मर कंपनीचे 1954 पासूनचे 'मार्क सहा' सॅक्स शोधत फिरणारे लोक, मूळ लॅकर निम्मं उडालेला सॅक्स महाग घेतात आणि नवं लॅकर केलेला चकचकीत सॅक्स स्वस्त मागतात. आपल्याकडचा जुन्या गाड्यांचा बाजार बरोबर याच्या उलटा चालतो.

आता आईकडे परत येऊ.

तिनं काय केलं होतं? एक, लॅकर घालवलं. कढत पाण्यानं जुनं लॅकर सुटतं, हे आता मला माहीत आहे. दोन, कढत पाणी कर्ण्यातून आत ओतलं. मुंबईच्या त्या बँडवाल्यानं किती वर्षं ती ट्रंपेट धुतली नसेल देव जाणे. मी तर शिकल्यापासून धुतलीच नव्हती. माउथपीसनंतरची जी पहिली नळी असते तिच्यात थुंकी, तेल, भजी खाऊन वाजवलेल्या वरातींचा गाळ, सगळा हिरवा-काळा थर. ट्रंपेटच्या नळीचा व्यास साधारण 11.7 मिलिमीटर. पहिल्या नळीच्या सुरुवातीला तो याहूनही कमी. तिथे अर्ध्या मिलिमीटरचा गाळ बसला तर आतला आकारच बदलला, आणि आवाज आतल्या आकारातून येतो हे आपण मघाशी पाहिलं. मला आता तेव्हाचं एक आठवतं. ट्रंपेट उन्हात वाळत होती त्या पायरीखाली मातीत एक हिरवट काळी चिकट रेघ होती. मी रडण्यात गुंग, मला वाटलं समयांचं तेल असेल.

मेस्त म्हणाले ते खरं होतं. आवाज मोकळा झालाच होता. मी वीस वर्षं त्याचं श्रेय बाहेरच्या अंगाला दिलं, काम आत झालं होतं.

थोडं गोव्याबद्दल, कारण कुणीतरी विचारणारच. लॅकरचा खरा धंदा आवाजाशी नाही, हवेशी आहे. आपली खारी, दमट हवा आणि हाताचा घाम. नुसतं पितळ आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत तपकिरी पडतं, हात लावला की तळव्याला वास, शर्टाला हिरवा डाग. काहींना तो वास आवडतो. मला आवडतो. बायकोला नाही. पण पितळाचा खरा शत्रू आतून येतो. श्वासाच्या ओलीनं वर्षानुवर्षं पितळातलं जस्त निघून जातं आणि ठिसूळ तांबं उरतं. पहिल्या नळीवर गुलाबी ठिपके दिसू लागतात, मधोमध काळा टिंब. हे ठिपके आतून बाहेर आलेले असतात. वरून कितीही लॅकर चढवा, ते थांबत नाहीत. उलट दुकानदार बफ मारून ठिपके 'घालवतो' आणि आधीच पातळ झालेली नळी अजून पातळ करून देतो. गुलाबी ठिपका दिसला तर नळी बदलायची, रंगवायची नाही.

वेळ झालाय, एक-दोन प्रश्न घेऊ.

ताई विचारतायत, सासऱ्यांची कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखंच छोटं वाद्य, माळ्यावर आहे, इगर्जीच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, पहाटेच्या आल्वोराद वादनाला ते नेत असत, आता नातू शिकतोय, तर लॅकर करून घ्यावं का. ताई, आधी ती खाली काढा. कोमट पाणी घ्या, कढत नको, सासऱ्यांचं लॅकर राहू द्या. दोन थेंब भांडी धुवायचं द्रव, पिस्टन काढून बाजूला ठेवा आणि लांब लवचीक ब्रश आतून फिरवा. बाहेर काय येतं ते बघाल तर रात्री जेवण जाणार नाही. स्लाइड अडकल्या असतील तर घरी पक्कड लावू नका, तेवढ्यासाठी मात्र दुकान गाठा. पाण्याच्या चावीचं बूच बदला, थोडक्या पैशांचं काम. मग नातवाला वाजवू द्या. त्याला आवाज आवडला तर झालं. रंग आवडला नाही आणि हात हिरवे होतात म्हणून तक्रार करायला लागला, तर नवं लॅकर जरूर करा, पण दुकानदाराला लिहून द्या की बफ मारायचा नाही, ओरखडे राहू द्या. तो नाराज होईल. चमक कमी येणार, त्याची जाहिरात होणार नाही.

हो, मागचे गृहस्थ विचारतायत की मघाची ट्रंपेट बघायला मिळेल का. जरूर. ही बघा. हा कर्ण्यावरचा ओरखडा सोडणाचा आहे, तिरपा, इथून इथपर्यंत. आईचा हात उजवीकडून यायचा. आणि तो पडदा काढा आता, आमचा पोरगा मागे बिनपंख्याचा उभा आहे.